मुरमुऱ्याची परीक्षा

माझी सून रोज मुर्रीहून गोंदियाच्या शाळेत शिकवायला गाडीवर जाते. एकदा पावसात पोरांचे पेपर बॅगेत भिजले, तेव्हापासून स्वस्त पण पक्की बॅग शोधणं माझ्याकडे आलं. बाजारातल्या बॅगवाल्याचं नाव मी काही विचारलं नाही. तो बॅगेत मूठभर मुरमुरे टाकायचा, चेन लावायचा, वरून बादलीभर पाणी ओतायचा आणि मग मुरमुरा चावून पाहायचा. पहिल्या दोन बॅगांचे मऊ निघाले. ते त्यानं खाल्ले, बॅगा मागे ठेवल्या. तिसरीचा मुरमुरा माझ्या कानाजवळ चावला, कुर्रर्र.

"कागद टाकून दाखवा ना."

"कागद वाळला का खोटं बोलते, मावशी. मुरमुरा नाई बोलत."

मी ती तिसरी बॅग घेतली. काल सून पावसात चिंब होऊन आली. "पेपर कोरडे आहेत, आई."

मी आधी सकाळी बॅगेत टाकून ठेवलेला मुरमुरा चावला, मग तिचं खरं मानलं.