दुसऱ्या उत्तराच्या बाई

"अन् दुसरं कुठी गेलं?"

फळ्यावर एकच उत्तर लिहून कुणी खडू खाली ठेवला, की बाई मान वर न करता एवढंच विचारायच्या.

केवलमूल्याच्या त्या दोन उभ्या रेघा तुम्हीही शाळेत पाठच केल्या असतील. बाई त्या रस्त्यावर आणून ठेवायच्या. "मालेगाव-रिसोड रस्त्यावर शिरपूरपासून दोन किलोमीटरवर माही गाडी बंद पडली. मले पाहाले कोनीकडं जासान?"

"मालेगावकडं!"

"अन् मी रिसोडकडं बसून राहू काय?"

वर्ग हसायचा. पाचपासून दोन अंतरावर सात असतो, तसा तीनही असतो, हे त्या हसण्यातच कळून जायचं.

मंगरूळपीरजवळच्या आमच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. बाई तासिकेवर होत्या. दर जूनला नेमणुकीची नवी ऑर्डर.

नववीच्या वार्षिक परीक्षेत भाजीचा मळा करणाऱ्याची मुलगी गणितात पहिली आली. संस्थेच्या अध्यक्षांची पुतणी एका मार्काने मागे राहिली. केवलमूल्याच्या गणितात तिने नुसतं सात लिहिलं होतं.

मुख्याध्यापक म्हणाले, "उरलेले दोन मार्क देऊन टाका, बाई. उत्तर तं बरोबर हाय."

"अर्धं बरोबर हाय, सर. मी नाई देत."

मार्क ऑफिसात वाढले. एक मेच्या झेंडावंदनानंतर पहिली म्हणून पुतणीचं नाव पुकारलं, तशा बाई खुर्चीतून उठल्या. "पहिली तं मळ्यातली पोरगी हाय. पेपर म्या तपासले." माईक नव्हता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

दुसऱ्या दिवशी मळेवाला शाळेत आला. आम्हाला वाटलं, आभार मानायला आला.

"कोनं सांगतलं होतं तुमाले, बाई? अध्यक्षाच्या विहिरीचं पानी हाय माह्या मळ्याले. आता तोडलं तं तुमी देसान काय?"



जूनमध्ये ऑर्डर आली नाही. बाई अकोल्याला एका क्लासमध्ये लागल्या. तिथे मालकाने पहिल्याच दिवशी बजावलं, समजावत बसू नका, पर्याय पाहून खूण करायला शिकवा.

दीड वर्षाने त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, "मळ्यातली ते पोरगी आता अकरावीले असंन ना? गणित घेतलं न तिनं?"

"नाही, बाई. बापाने आर्ट्सला घातलं. गणितापायी लय झालं म्हणे."



"बरं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.