नीतीला बाधा आणणारी मोट

मी आयुष्यात एकच कायदा स्वतःच्या मनानं लिहिला. एका ओळीचा. तीस वर्षं होत आली, पण त्या ओळीचं ओझं अजून मानेवरून उतरलेलं नाही.

बेचाळीसनंतरचे दिवस होते. आमच्या कृष्णाकाठच्या गावात सरकारी फौजदार यायचा तो भूमिगतांना धरायला. शेंगांची चोरी झाली तर त्याला कोणी सांगत नसे आणि तोही विचारत नसे. म्हणून गावानं आपले पाच पंच नेमले. मी कोल्हापूरला वर्षभर कायदा शिकून परत आलो होतो. चळवळीसाठी कॉलेज सोडलं असं मी सांगत असे. परीक्षेत नापास झालो होतो, हेही तितकंच खरं.

पंचांतले सर्वांत वडीलधारे आबा मला म्हणाले, "वकीलसाहेब, तेवढं नियम लिवून द्या. चोरी करू नये, गंजीला आग लावू नये, दुसऱ्याच्या पाळीचं पाणी वळवू नये. मान्सास्नी कळंल असं."

मला ते फार किरकोळ वाटलं. शेंगा, गंजी, पाणी, हा काय कायदा झाला? मी घरी जाऊन लिहिलं: 'गावाच्या नीतीला बाधा येईल असे वर्तन करणारास पंच योग्य ती शिक्षा देतील.' चावडीत खणखणीत आवाजात वाचून दाखवलं.

"ह्यात शेंगा कुठं आल्या?" कुणीतरी विचारलं.

"सगळंच आलं ह्यात," मी म्हणालो.

"मग लय झालं की," तो म्हणाला, आणि लोक हसले. मला ती शाबासकी वाटली.

पहिली तक्रार आली ती एका बाईविरुद्ध. तिचा नवरा पलटणीत होता, लढाईवर. घरात म्हातारी सासू, रानात ऊस, आणि विहीर चुलत दिराबरोबर सामाईक. ज्याची पाळी त्यानं मोट हाकायची, अशी रीत. धडधाकट गडी कुणी सैन्यात, कुणी भूमिगत. मजुरीला माणूस मिळेना. तेव्हा ती काष्टा मारून स्वतःच नाड्यावर, बैलांमागच्या मोटेच्या दोरावर, बसू लागली. बैलांना तिच्या आवाजाची सवय झाली होती. तिनं मोट थांबवली असती तर तिच्या पाळीचं पाणी आपोआप दिराच्या उसाला मिळणार होतं. तक्रार दिराचीच होती.

"बाईमाणूस नाड्यावर बसतंय, वर गाणं म्हणतंय," तो चावडीत म्हणाला. "वाटंनं जाणारी मानसं थांबून बघत्यात. ही बाधा न्हाई तर काय?"

"मग बघणाऱ्यास्नी शिक्षा देऊ या का?" आबा म्हणाले.

"पर लिवलंय तसं हाय खरं," दुसरे एक पंच म्हणाले, आणि सगळे माझ्याकडे बघू लागले.

मोट हाकणं हा गुन्हा नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. पण तसं म्हटलं असतं तर माझी ओळ लहान झाली असती. मी म्हणालो, "पंचांना बाधा वाटली तर ती बाधा." तिघांना वाटली, दोघांना नाही. तिनं मोट हाकायची नाही, हाकली तर वाळीत टाकायचं, असं ठरलं.

त्याच आठवड्यात एकाला शेंगांच्या पोत्यासकट धरून आणलं. तो एका पंचाचा भाचा होता. "पोटाला नेल्या," तो शांतपणे म्हणाला. "त्यात नीतीला म्या काय केलं?" पंचांनी बराच विचार केला. बाधा कुणाला दाखवता येईना. पोतं ठेवून घेतलं आणि त्याला सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाई आमच्या अंगणात येऊन उभी राहिली.

"दादा, औत धरलं तर चालंल का?"

मी ती ओळ मनात पुन्हा वाचून पाहिली.

"बाजाराला एकली गेली तर? तुमच्या कागदात काय करू नगो म्हनून लिवलंय, तेवढं सांगा. तेवढं सोडून बाकीचं करीन."

"सांग की आता," आतून आई म्हणाली.

माझ्याच कायद्यानं कशाला मनाई केली होती, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून तिची पाळी आली तेव्हा मीच मोट हाकायला गेलो. बैल माझ्या ओरडण्यावर नुसते कान हलवीत उभे राहिले. शेवटी लांब झाडाखाली बसलेल्या तिनं हाळी दिली आणि ते निघाले.

त्यावरही तक्रार झाली. बैलांमागे मी आणि हाळी तिची, तर मोट हाकली कुणी, यावर चावडीत दुपार झाली. नियमाचा अर्थ सांगा, असं मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "त्याला अर्थच नाही. मी वाईट लिहिलंय. ते खोडा."

"मग आदी सांगितलं हुतं ते लिवा," आबा म्हणाले.

मी चोरी, आग आणि पाणी वळवणं एवढंच लिहिलं. प्रत्येकाची शिक्षा लिहिली. यात नाही तो गुन्हा नाही, असंही खाली लिहिलं. ते ऐकून दीर उठून गेला.

मी धावतच तिला सांगायला गेलो. ती जागची हलली नाही. "आधी दवंडी हू द्या," म्हणाली. "उद्या आनि कुनाला काय वाटलं तर?"

दवंडी देणारा विट्याला लग्नाला गेलेला. मग मीच पत्र्याचा डबा घेऊन गल्लीगल्लीतून निघालो. "बाईनं मोट हाकली तर गुन्हा नाही."

"वकीलसाहेब, गड्यानं भाकऱ्या थापल्या तर?" ओट्यावरून एकानं विचारलं.

"तोही नाही," मी म्हणालो आणि पुढे गेलो.

दिवस कलता तिनं बैल जुंपले. खालच्या सऱ्या भिजल्या. वरच्या तुकड्यातला ऊस मात्र तोवर वाळून गेला होता. नवरा रजेवर यायच्या आत तो तिनं मुळासकट उपटून काढला. मी हात लावायला गेलो होतो. तिनं नको म्हटलं नाही, आणि या असंही म्हटलं नाही.