बुरुजातली ज्वारी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांत बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावानं ज्वारी पेरणंच सोडलं. पुढं पावसानं दगा दिला आणि ज्वारी विकतसुद्धा मिळेना. घरात चांदी होती. ती काय चावून खायची?

त्याच उन्हाळ्यात अकोल्याच्या गोऱ्या साहेबानं आमच्या गढीच्या बुरुजात जुन्या वस्तू लोकांना बघायला मांडल्या. सासूबाईंबरोबर मीही गेले. गंजलेल्या तलवारी, तोफेचे गोळे आणि जमिनीत धान्य साठवायचं खोल पेव. वेढा पडला की अख्खं गाव बुरुजात शिरायचं आणि पेवातल्या ज्वारीवर जगायचं, असं तिथला शिपाई सांगत होता. कुणाला सांगत होता मेला! सासूबाई लहानपणी पेंढाऱ्यांच्या भीतीनं इथंच तर लपल्या होत्या.

पेव आता रिकामं होतं. लोकांना कळावं म्हणून काठावर काचेच्या बरणीत ओंजळभर ज्वारी ठेवली होती. सासूबाईंचा हात बरणीकडे गेला.

"माय, हात नोको लावू," शिपाई म्हणाला.

त्यांनी हात मागं घेतला.

"पेंढारी आले तवा आमी इथं रोज भाकर खाल्ली, बापा," त्या म्हणाल्या. "औंदा कोन आलं व्हतं?"