मुकादमाचं सोंग

मुकादम कुठल्याही खोलीत शिरायच्या आधी दारात थांबायचा आणि म्हणायचा, "मी काशिनाथ. मीच आहे." दार सताड उघडं असो, भर दुपार असो, त्याचा चेहरा आम्हाला समोर दिसत असो, एवढं म्हटल्याशिवाय त्याचं पाऊल आत पडायचं नाही. लॅबमध्ये तो हेच इंग्रजीत सांगायचा. त्याचे प्रोफेसर सुरुवातीला बुचकळ्यात पडले, मग त्यांना सवय झाली. "आणखी कोण असणार?" असं ते हसून विचारायचे. मुकादम हसायचा नाही.

मुकादम हे नाव जयंतने ठेवलेलं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. लुइझियानात, बॅटन रूजच्या विद्यापीठाजवळ एका जुन्या लाकडी घरात आम्ही विद्यार्थी राहायचो. वरच्या मजल्यावर मी आणि एक कोरियन मुलगी, खाली जयंत आणि काशिनाथ. आम्हा तिघा मराठी मंडळींचा स्वयंपाक खाली, एकत्र व्हायचा. काशिनाथ हातात डाव घेऊन मधोमध उभा राहायचा. "नीला, कणीक. जयंत, भांडी. तोंडं बंद." पुण्याहून निघेपर्यंत जयंतने स्वतःचा चहासुद्धा केलेला नव्हता. तो म्हणाला, "यार, हा रूममेट नाही, मुकादम आहे." नाव चिकटलं. काशिनाथ आमच्याहून पाच-सहा वर्षांनी मोठा होता, इकडे येण्याआधी आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होता. त्यामुळे त्याचं रागावणं त्याला शोभायचं.

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे "बाबा म्हणतात". बाबा म्हणतात, भात शिजताना झाकण उघडायचं नाही. बाबा म्हणतात, थंडीत कान झाकले की निम्मी थंडी गेली. जव्हारच्या पलीकडच्या एका पाड्यावर भातशेती करणाऱ्या त्या माणसाला आम्ही कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या हुकमांवर आमचं घर चालायचं. जयंत कधी कधी वैतागून विचारायचा, "मुकादम, तुझे बाबा फ्रोझन मटारबद्दल काय म्हणतात?" मुकादम क्षणभर खरोखर विचार करायचा आणि सांगायचा, "बाबा म्हणतात, जे नाही त्याची आठवण काढत जेवू नये."

दारातल्या त्या वाक्याबद्दल मी त्याला एकदा कांदा चिरताना विचारलं. त्याने सुरी खाली ठेवली. "आमच्याकडे उन्हाळ्यात बोहाडा असतो. देवांची, राक्षसांची सोंगं नाचतात. एकेका सोंगाचा मान एकेका घराकडे. आमच्या घरात वेताळ आहे. बाबा नाचवतात." लाकडी मुखवटा एकदा चढवला की त्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, त्याच्याशी बोलत नाहीत, असं त्याने सांगितलं. नाच संपला, मुखवटा उतरला की तो घरी येतो, दारात उभा राहून स्वतःचं नाव सांगतो. मग आई पायांवर पाणी घालते आणि तो आत येतो.

"आणि नाव नाही सांगितलं तर?"

"तर आत कोण आलं हे घराला कसं कळणार?" मुकादम म्हणाला आणि पुन्हा कांदा चिरू लागला.

फेब्रुवारी-मार्चच्या सुमाराला, ख्रिस्ती लोकांचे उपासाचे दिवस सुरू होण्याआधी एक मंगळवार येतो, मार्डी ग्रा. त्या दिवशी विद्यापीठाला सुट्टी असे आणि बहुतेक पोरं न्यू ऑर्लिन्सच्या मिरवणुकीला पळत. जयंतच्या लॅबमध्ये लूक नावाचा तिथल्याच खेड्यातला मुलगा होता. तो म्हणाला, "शहरात काय बघता? आमच्याकडे या. आमच्याकडे सोंगं घोड्यांवरून घरोघर जातात, रात्रीच्या जेवणासाठी कोंबडी मागतात. तुम्ही माझ्या आजीच्या घरी थांबा. मीही त्यांच्यात असेन. मला शोधायचं मात्र नाही."

मुकादमाला यायचं नव्हतं. जयंतने त्याला "तुझा बोहाडाच आहे यार" म्हणत अक्षरशः गाडीत कोंबला. दलदलीवरच्या लांबलचक पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना पाण्यात निष्पर्ण झाडं उभी होती, फांद्यांवरून करडं शेवाळ लोंबत होतं. पूल संपून भातशेती लागली तेव्हा मागच्या सीटवरून मुकादम पहिल्यांदा बोलला. "ही खाचरं? एवढी सपाट? यांना बांध कुठायत?" कापणी झालेल्या शेतांत पाणी भरून ठेवलेलं होतं आणि त्यावर धुकं बसलं होतं. आभाळ कुठे संपतं ते दिसत नव्हतं.

लूकच्या आजीने व्हरांड्यात आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या, काळी कडक कॉफी दिली आणि शाल गुंडाळून शेजारी बसली. "एक सांगून ठेवते," ती म्हणाली. "आज जे येतील त्यांना नावाने हाक मारायची नाही. ओळखलंत तरी ओळख दाखवायची नाही."

मुकादमाने कप खाली ठेवला. "आणि मुखवटा काढल्यावर?"

"काढल्यावर काय! जेवायला बसतात." म्हातारी हसली. मुकादम हसला नाही, पण खुर्चीत ताठ बसला.

आधी गाणं आलं. धुक्यातून, लांबून, पुष्कळ पुरुषांचे आवाज. सणाचं गाणं, पण चाल रडण्याची. मग घोड्यावरचा त्यांचा म्होरक्या दिसला. त्याच्या एकट्याच्या तोंडावर मुखवटा नव्हता. त्याने फाटकाशी थांबून हातातलं पांढरं निशाण उंच धरलं, आजीने होकारार्थी मान हलवली, निशाण खाली गेलं आणि मागून सगळे अंगणात घुसले. काही धावत, काही चक्क गुडघ्यांवर रांगत. अंगात चिंध्यांचे झगे, डोक्यावर उंच टोकदार टोप्या. मुखवटे तारेच्या बारीक जाळीचे, त्यांवर भुवया आणि ओठ रंगवलेले. जाळीतून त्यांना आपण दिसतो, आपल्याला त्यांचे डोळे दिसत नाहीत. अगदी जवळ आले तरी फक्त श्वास ऐकू यायचा. एकाने माझा एक बूट पळवला. एकाने आजीच्या मांडीत डोकं खुपसून गळा काढला. बाकीचे तळहात पुढे करून, त्यावर बोट आपटत नाणं मागत होते. आजीने एक कोंबडी सोडली आणि सगळा घोळका तिच्यामागे चिखलात पळाला. जयंत हसत हसत फोटो काढत होता.

एक जण पळाला नाही. त्याच्या अंगात चिंध्यांचा झगा नव्हता, गोणपाटाच्या रंगाचं काहीतरी होतं, गुडघ्यांपर्यंत भिजलेलं. तो सावकाश व्हरांड्याकडे आला आणि पायरीखाली, मुकादमासमोर, उकिडवा बसला. टाचा जमिनीला टेकवून, मनगटं गुडघ्यांवर ठेवून. या देशात आल्यापासून कुणाला असं बसलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याने तळहात पुढे केला. त्यावर बोट आपटलं नाही, नुसता धरून ठेवला.

मुकादमाने नाण्यासाठी खिशात हात घातला आणि तो हात तसाच राहिला. तो पायऱ्या उतरून खाली गेला आणि त्याच्यासमोर तसाच उकिडवा बसला. शेताच्या कडेला दोन माणसं बसावीत तसे ते दोघे बसून राहिले. मग ते सोंग उठलं, गोठ्याला वळसा घालून मागे गेलं, आणि मुकादम त्याच्या मागोमाग.

"काशिनाथ!" मी हाक मारली. त्याने वळून पाहिलं नाही.

थोडा वेळ वाट पाहून, एका पायात बूट आणि एका पायात ओला मोजा अशी मी गोठ्यामागे गेले. तिथे पाण्याने भरलेलं शेत होतं. पार धुक्यापर्यंत ना झाड, ना झुडूप, लपायला जागा अशी नाहीच. मुकादम एकटा काठावर पाठमोरा उभा होता. तो वळला तेव्हा त्याच्या तोंडावर तारेचा मुखवटा होता.

"कुणी दिला हा? तो कुठे गेला?"

तपकिरी कोट त्याचाच होता, बूट त्याचेच होते. तरी आत तोच आहे याची मला खात्री वाटेना. "मुकादम, काढ ते," मी म्हणाले. झाडाशेजारून जावं तसा तो माझ्या शेजारून गेला.

अंगणात सोंगांबरोबर आलेल्या गाडीवर दोघे जण अ‍ॅकॉर्डियन आणि फिडल, म्हणजे व्हायोलिन, वाजवत होते. मुकादम मधोमध जाऊन नाचू लागला, पण त्या वाद्यांवर नाही. कमरेत वाकून, पाय आपटत, खांदे थरथरवत, मान एकदा इकडे एकदा तिकडे झुगारत. कुठलं तरी संबळ त्याला ऐकू येत होतं, आम्हाला नव्हतं. आधी फिडल थांबलं, मग अ‍ॅकॉर्डियन. सोंगं गोल करून उभी राहिली. कुणी हसलं नाही. जयंतने कॅमेरा खाली घेतला. चिखलात पडणाऱ्या त्या पावलांखेरीज काही ऐकू येत नव्हतं.

आजी माझ्याकडे झुकली. "हा तुमचा मित्र ना?"

"हो."

"आणि मघाशी त्याच्यासमोर बसलेला?"

"तो तुमच्यातलाच ना?"

तिने नकारार्थी मान हलवली. "या सगळ्यांना मी त्यांच्या बुटांवरून ओळखते. त्याच्या पायांत बूटच नव्हते."

शेवटी मुकादम गुडघ्यांवर कोसळला. म्होरक्या घोड्यावरून उतरला, त्याच्यासमोर बसला आणि दोन्ही हातांनी, फार हळू, त्याने तो मुखवटा उतरवला. मग तो आपल्या माणसांना दाखवला. ज्याचा त्याचा मुखवटा ज्याच्या त्याच्या तोंडावर होता. तो कुणीच मागितला नाही. म्होरक्याने तो आजीच्या कुंपणाच्या खांबाला अडकवला आणि आम्ही निघेपर्यंत तो तिथेच होता.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर मी भाजी चिरत होते. सहज वळले तर मुकादम माझ्या मागे उभा. दारातून आत येताना तो काही बोललाच नव्हता. दुसऱ्या दिवशीही तेच. हुकूम बंद झाले, भात कुणी लावायचा ते आम्हीच ठरवू लागलो. तो उभ्याने चार घास खायचा आणि निघून जायचा. जयंत दिवा लावून झोपू लागला. "नीला, मला वेडा म्हण," तो मला म्हणाला, "पण माझ्या खोलीत कोण झोपतंय ते मला कळत नाहीये."

असे काही दिवस गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात हात आडवा धरून उभी राहिले. मुकादम आला. मी म्हणाले, "आधी नाव सांग. मग आत ये."

तो थांबला. त्याने माझ्या हाताकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, पण नाव आलं नाही.

"नीला, माझे बाबा गेले," तो म्हणाला.

"कधी?"

"गेल्या पावसाळ्यात."

गेल्या पावसाळ्यापासून आम्ही रोज 'बाबा म्हणतात' ऐकत होतो. बातमी त्याच्यापर्यंत पोचली तोवर दिवसही होऊन गेले होते, आणि इथे त्याची मोठी परीक्षा तोंडावर होती. तो पेपर लिहून आला, भात लावला आणि आम्हाला जेवायला वाढलं. "तुम्हाला सांगितलं असतं," तो म्हणाला, "तर ते खरंच झालं असतं."

"मग त्या दिवशी तिथे..."

"तो बसला कसा, पाहिलंस ना? उजवा गुडघा थोडा बाहेर काढून. बाबा बांधावर असेच बसायचे."

"पण तो होता कोण, मुकादम?"

"मी विचारलं नाही. सोंगाला विचारत नाहीत."

मग तो दाराच्या चौकटीला धरून रडला. मोठ्याने, ओरडून, वरची कोरियन मुलगी धावत खाली आली इतक्या मोठ्याने. जयंत त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. बऱ्याच वेळाने मुकादमाने बाहीने तोंड पुसलं, "मी काशिनाथ," म्हणाला, आणि मी हात खाली घेतला.

उन्हाळ्यात तो घरी गेला, वेताळाचं सोंग नाचवलं, परत आला आणि पीएचडी पुरी केली. त्या अनवाणी माणसाबद्दल जयंतचं म्हणणं असं की व्हिएतनामहून आलेली कितीतरी कुटुंबं त्या भागात मासेमारी करतात, तीही माणसं टाचा टेकवून बसतात, त्यांतला कुणी हौसेने घुसला असेल. असेलही. मी जयंतशी लग्न केलं, पण या बाबतीत कधी वाद घातला नाही.

पुढे आम्ही उत्तरेत, नेपरव्हिलला घर घेतलं आणि मुकादम टेक्सासला, अर्विंगला नोकरीला लागला. एका जानेवारीत मिरजेहून फोन आला की माझे वडील, अप्पा, गेले. माझा सातवा महिना संपत आला होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही सांगितलं. मी रडले नाही. फोनवर सगळ्यांना मी ठीक आहे म्हणून सांगितलं, कपड्यांच्या घड्या घातल्या, पाच वर्षांच्या लेकीला, ईशाला, शाळेत सोडलं. जयंतने काय सांगितलं कोण जाणे, मुकादम टेक्सासहून बर्फातून गाडी चालवत आला. आल्या आल्या त्याने भात लावला. धीराचा एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात त्याने विचारलं, "अप्पा चालायचे कसे?"

"म्हणजे?"

"चालून दाखव."

"काशिनाथ, ही वेळ आहे का?"

"हीच आहे."

मी चिडूनच उठले. हात पाठीमागे बांधले, डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. सपाता फरफटत सिंकपासून खिडकीपर्यंत गेले. अप्पा खिडकीशी थांबायचे, खाकरायचे आणि कुणालाही उद्देशून नाही असं म्हणायचे, "आज वारं पडलंय." मी थांबले. बाहेर नुसतं पांढरं होतं. मी खाकरले, आणि तो आवाज माझा नव्हता. कधी न दुखलेला माझा गुडघा दुखत होता. थांबावंसं वाटत होतं, पण पाय वळले आणि पुन्हा सिंककडे चालू लागले.

ईशा झोपेतून उठून जिन्यावर आली होती. अप्पांना तिने एकाच उन्हाळ्यात पाहिलेलं, तेही तीन वर्षांची असताना. कठडा धरून ती माझ्या चेहऱ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघत होती.

"आजोबा?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून हुंदका फुटला. मुकादमाने खुर्ची माझ्या मागे सरकवली आणि तो ईशाशेजारी, खालच्या पायरीवर जाऊन बसला.

"रडू दे तिला," तो ईशाला म्हणाला. "आजोबा येऊन गेले."