कूलरसमोर पास झालेलं मशीन

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलेलं नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी घरच्या पिण्याच्या पाण्याच्या दोन घागरी दुकानातल्या कूलरमध्ये ओतल्या. एक मशीन पास व्हावं म्हणून. घरी सांगितलं, टँकरवाल्यानं आज कमी दिलं.

माझं कॉम्प्युटर जोडून द्यायचं दुकान होतं. मशीन देण्याआधी सहा तास स्ट्रेस टेस्ट लावायची, ही माझीच रीत. स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत एक कमांड टाकली की प्रोसेसर पूर्ण ताकदीनं राबायला लागतो, शेजारच्या खिडकीत त्याचं तापमान दिसत राहतं. हे मशीन एका तालुक्याच्या कचेरीत टँकरच्या खेपा नोंदवायला जाणार होतं. आकडा नव्वदच्या वर गेला की बंद पडायचं. दोनदा पडलं. प्रोसेसरवरचा चांगला पंखा हैदराबादहून यायला चार दिवस, आणि कचेरीला उद्याच पाहिजे.

मग मी कॅबिनेटचं झाकण काढलं, कूलर समोर ओढला. आकडा सत्तरावर उतरला. सहा तास मी त्या आकड्याकडं बघत बसलो. ‘पास’ असा कागद छापला, सही केली.

न्यायला कचेरीचा ऑपरेटर आला. देगलूरकडचा, कंत्राटावरचा.

“भाऊ, दमदार हाय न? बंद पडलं तर साहेब मलाच उलटं टांगतील.”

“हाव, घेऊन जा.”

“इकडं नवा जिल्हा होणार म्हणतात. झाला की मी पर्मनंट. पेढे घेऊन येतो बघा.”

“खव्याचे आण. साखरेचे न्हाई चालणार,” मी म्हणालो. हसलोही.

कचेरीतली मशीनची खोली पत्र्याची होती आणि तिथला कूलर कोरडा, हे मला ठाऊक होतं. त्यानंतर फोन वाजला की कचेरीचा तर नाही ना, हे आधी बघायचो. दहा-बारा दिवसांनी तो फोन आलाच. नोंदी चालू असतानाच मशीन बंद पडलं होतं, डिस्क गेली होती. दोन दिवस कोणत्या गावाला टँकर कधी, हे कुणालाच सांगता येईना. बाया कचेरीच्या दारात येऊन बसल्या.

साहेबांनी मला बोलावलं. ऑपरेटर समोरच उभा होता.

“मशीनमध्ये खोट होती का?”

मी तो कागद पुढं केला. “सहा तास चालवून दिलं, साहेब.”

साहेब त्याच्याकडं वळले. “मग तूच काहीतरी करून ठेवलंस.”

“भाऊ, तुम्ही तर सांगा. म्या काई केलं न्हाई.”

मी म्हणालो, “मशीन तर चांगलं होतं.”

त्याच आठवड्यात त्याचं कंत्राट तोडलं.

नवा जिल्हा काही झाला नाही. तो आता देगलूरला झेरॉक्सचं दुकान चालवतो म्हणतात. मी दोनदा तिकडची बस धरली आणि दोन्ही वेळा उदगीरलाच उतरून माघारी आलो. त्याच्या डोळ्यांची भीती वाटते.

मशीन मी खोटं पास केलं होतं, हे त्याच्या तोंडावर सांगायचं आणि कचेरीला माझ्या सहीनं लिहून द्यायचं, एवढं त्याचं देणं माझ्यावर अजून आहे.