चौदा तास

गंगाजल दे, असं ते दोनदा म्हणाले आणि मी दिलं नाही.

संध्याकाळचे सहा वाजले होते. नवऱ्याचा श्वास घशात घरघरत होता. डॉक्टरांनी दोन दिवसांपूर्वीच घरी न्या म्हणून सांगितलं होतं. वाघोलीची माझी मोठी नणंद उशाशी बसली होती. मी गंगाजलाच्या सीलबंद गडूला हात लावला तशी म्हणाली, "थांब गं. गंगाजल तोंडात गेलं की जीव सुटतो. मुलगा येतोय ना? त्याच्या हातचं मिळू दे."

मुलगा टोरोंटोला असतो. पहाटे पाचला मी त्याला फोन केला होता. "लगेच निघतो, आई. चौदा तास लागतात," म्हणाला. मी बोटं मोजली. पाचापासून चौदा तास म्हणजे संध्याकाळचे सात. तेच मी नणंदेला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं आणि यांनाही सांगितलं. चौथी शिकलेल्या बाईचा हिशेब, पण बेरीज बरोबर होती.

हे दिवसभर विचारत होते, "कुठवर आला?"

"समुद्रावर असेल."

"कुठल्या?"

"अहो, मला काय माहीत? मला एकच समुद्र ठाऊक आहे, अलिबागचा."

हसायला गेले आणि खोकला लागला. नणंद म्हणाली, "आता तरी माझ्या भावाला टोमणे मारू नकोस." मी म्हटलं, "वन्सं, आता नाही तर कधी मारू?"

सात वाजले. त्यांनी दाराकडे मान वळवली ती वळवलेलीच ठेवली. सव्वासात झाले. मुलाचा फोन बंद लागत होता. साडेसातला डोळे थिजलेले दिसले, तेव्हा मी गडूचं झाकण फोडलं आणि चमच्याने पाणी घातलं. ते ओठांच्या कडेने उशीवर गेलं. आत काही गेलं नाही.

मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला नारायण पेठेत पोचला. तिकीट मिळेपर्यंत, विमानतळ गाठून विमान सुटेपर्यंत आपल्याकडे आदल्या सकाळचे साडेदहा वाजले होते. मग दिल्ली, तिथे पहाटेपर्यंत बसणं, मग लोहगावचा विमानतळ. एकूण अठ्ठावीस तास.

"चौदा तास नुसत्या दिल्लीपर्यंतच्या विमानाचे, आई," तो म्हणाला.

"मग घरापासून घरापर्यंतचे सांगायचे होतेस."

त्याची चूक नव्हती. तिकडे सगळे तसंच सांगतात म्हणे, विमानाचे तास. मला खरे तास माहीत असते तर मी सकाळीच पाणी दिलं असतं. ते गिळू शकत होते तेव्हा.

मुलगा तेरावा करून परत गेला. नणंद वर्षाच्या आत वारली. त्या संध्याकाळी त्या खोलीत आम्ही तिघं होतो. त्यांनी दोनदा गंगाजल मागितलं हे ऐकलेली त्यातली मी एकटीच जिवंत आहे.