चुन्याची डबी

चामखीळ मानेवर आली असती तर मी गल्लीभर दाखवत फिरले असते. ही आली होती नको त्या जागी. आंघोळ करताना हाताला लागली. आधी एक, मग तिला चिकटून आणखी, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी. लग्नाला काही वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि नवरा व्यापाऱ्याच्या केळीच्या ट्रकबरोबर दिल्लीला जायचा. गेला की आठवडा आठवडा परतायचा नाही. त्यामुळे ही कुठून आली यावर मला फार डोकं चालवावं लागलं नाही. संशय घरात होताच, त्याला फक्त निमित्त मिळालं.

आमच्याकडे चामखिळीला डॉक्टर लागत नाही. खायचा चुना आणि धुण्याचा सोडा कालवून काडीच्या टोकाने लावायचा. कातडी जळते, खपली धरते आणि चामखीळ जाते. माझ्या बोटावरची आईने अशीच घालवली होती, आणि शेजारच्या आळीत ऐकू जाईल इतकी मी रडले होते. ते आठवलं म्हणून हात आवरला. जळगावात डॉक्टर होते, पण त्यांच्या बाकावर कोण ना कोण ओळखीचं बसलेलं असायचं. म्हणून धुळं गाठलं. देवपुरात माझी थोरली बहीण राहायची. तिच्या ब्लडप्रेशरचं निमित्त घरी सांगितलं. ती बिचारी ठणठणीत होती.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. दिवस गेलेले नाहीत ना, असं दोनदा विचारलं. दोनदा का, याचा मला तिथेच राग आला. मग आजूबाजूला व्हॅसलीन फासून त्यांनी कापसाच्या काडीने तपकिरी औषध नेमकं चामखिळींवर टेकवलं. चार तासांनी धुऊन टाकायचं, दर आठवड्याला यायचं, बाटली घरी मिळणार नाही. का मिळणार नाही? असं काय आहे तिच्यात? त्या म्हणाल्या, "जास्त लागलं तर चांगली कातडीही जाते." आणि मी साडी सारखी करत असताना म्हणाल्या, "पुढच्या वेळी मिस्टरांनाही घेऊन या."

मिस्टरांना! त्याने हात झटकून "मला काही नाही, तुला कुठून आलं?" असं विचारलं असतं तर? बोचकं बांधून मला अमळनेरला माहेरी धाडायला तेवढं पुरे होतं, आणि मूल नसलेल्या सुनेची बाजू कोण घेणार होतं? मला भीती वाटत होती ती एवढीच. म्हणून मी गप्प राहिले आणि त्याच्यावर पाळत ठेवली. शर्टांचे वास घेतले. खिसे उलटे केले. तो घरी आला की मी बाहेरची आहे असं सांगून वेगळं अंथरूण घालायचे. एकाच महिन्यात दुसऱ्यांदा सांगितलं, तरी त्याने "पुन्हा?" असं विचारलं नाही. उलट बरं झालं अशा चेहऱ्याने भिंतीकडे तोंड करून झोपला. तिथे माझी खात्री पटली.

सासूबाईंचा संशय वेगळाच होता. औषधाला लोबानासारखा वास होता आणि बहिणीकडे धुऊन आले तरी तो साडीला राहायचा. एकदा मी घरात पाय ठेवते तोच त्यांनी मला हुंगलं.

"तू बहीनकडे जास का फकीरकडे?"

"अक्काकडेच जाते."

"मंग हाऊ लोबानना वास कसाना शे?"

त्यांच्या मते मी त्यांच्या मुलाला मुठीत ठेवायला काहीतरी करत होते. त्यातच त्यांची चुन्याची डबी हरवली. त्या तंबाखू खायच्या, डबीत त्यांचा जीव. "मनी डबी तूच लई गयी," त्या म्हणाल्या. "चुना कसाले लागस तुले? करणी कराले?"

मी इतकी चिडले की सगळं घर धुंडाळलं. डबी सापडली नवऱ्याच्या प्रवासाच्या पिशवीत, बनियनमध्ये गुंडाळलेली. आता, हा माणूस पान खात नाही, तंबाखूला हात लावत नाही. मग चुना कोणासाठी? दिल्लीत कोणीतरी पान खाणारी आहे! तिचे लाल ओठसुद्धा मला दिसले. आईची डबी चोरून तिला नजर करतोय मेला. आणखी काय काय नेतोय ते बघायला पिशवी पालथी केली, तर कागदाच्या पुडीतून पांढरी पूड सांडली. चिमटीत चोळून पाहिली. धुण्याचा सोडा. माझ्या त्याच बोटावर आईने भाजलेली जुनी खूण होती. तिच्याकडे बघत मी तशीच खाली बसले.

संध्याकाळी तो पाय फाकवून मोरीकडे निघाला. ट्रकमध्ये बसून अंग आखडतं, असं मी समजत आले होते.

"चुन्याने चांगली कातडीही जळते," मी म्हटलं. "धुळ्याला औषध आहे."

तो थबकला. "तुला काय ठाऊक?"

"मी तिथे तेच लावून घेते."

तो खाटेवर टेकला. आता शरमेल, माफी मागेल, असं मला वाटलं. त्याने विचारलं, "तुला कधीपासून?"

हाच प्रश्न माझ्या जिभेवर होता. तो त्याने आधी विचारला याचाच इतका संताप झाला की मी डबी भिंतीवर फेकली. आवाज ऐकून सासूबाई धावत आल्या. सांडलेला चुना बघून मुलाला म्हणाल्या, "देख, हिनाकडेच व्हती मनी डबी!"

"मी घेतली होती," तो म्हणाला. कशाला, ते सांगितलं नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही.

पुढच्या खेपेला आम्ही दोघं धुळ्याला गेलो. एसटीत त्याने मला खिडकी दिली आणि सगळा रस्ता समोरच्या सीटकडे बघत काढला. तपासणी झाली. त्यालाही तेच होतं, वर चुन्याने केलेल्या जखमा. कपडे नीट करून तो बाहेर आला आणि सरळ विचारता झाला, "बाई, हे आधी कोणाला झालं?"

डॉक्टरीणबाई हात पुसत म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येणार नाही. हे अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतं. लग्नाच्या आधीचंही असेल."

नवऱ्याने मोठा श्वास सोडला. मी चटकन त्याच्याकडे पाहिलं. हा कशातून सुटला? पण तोही माझ्याकडेच रोखून बघत होता, कारण श्वास मीही सोडला होता. माझ्याकडे लपवण्यासारखं काही नव्हतं. माहेरी जावं लागणार नाही, एवढ्यानेच मला मोकळं वाटलं होतं. पण ते माझ्या तोंडावर कुठे लिहिलेलं होतं?

चामखिळी पुढे वाळून गेल्या. त्याचा तो श्वास कशाचा होता, हे मी आजवर विचारलेलं नाही. विचारलं तर तो माझ्या श्वासाचं विचारेल.